खारफुटीच्या आड

नोव्हेंबरात आभाळ भरून आलेलं आमच्या वर्ध्याकडे कुणालाच आवडत नाही. पावसाळा उरकलेला असतो, शेतं कापसाने पांढरी झालेली असतात, बायका वेचणीला लागलेल्या असतात, आणि अशात पूर्वेकडून राखाडी, दमट ढग येऊन मुक्काम ठोकतात. धड ऊन नाही, धड पाऊस नाही. बातम्यांत सांगतात, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आहे. काल नालवाडीच्या आमच्या घरी गच्चीवरचे कपडे काढत होते, तर शेजारची बाई आपल्या गच्चीवरून म्हणाली, "कापूस काळा पडते आता." मी हो म्हटलं. पण माझ्या मनात कापूस नव्हता. दहा-बारा वर्षं झाली, या ढगांखाली मला कापूस आठवतच नाही. मला रोहण्याचे काकाजी आठवतात, आणि मी त्यांना दिलेलं एक उत्तर आठवतं.

तेव्हा मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. एका संस्थेने गावोगाव लोकांसाठी निसर्गशिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले होते आणि आर्वी तालुक्याचं काम माझ्याकडे आलं होतं. एक जुनी जीप, एक प्रोजेक्टर आणि स्लाइडची एक पेटी. पेटीत होती खाडी. नदी समुद्राला मिळते तिथलं खारं-गोडं पाणी, चिखल, खेकडे, कोळंबीची पिल्लं, आणि त्या चिखलात पाय रोवून उभं असलेलं खारफुटीचं वन. समुद्रापासून इतक्या लांब खाडी शिकवून काय करणार, असं कॉलेजातले लोक हसून विचारायचे. माझं उत्तर तयार असे. आपली वर्धा वैनगंगेला मिळते, तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते. म्हणजे ती खाडी आपल्याच नदीचं शेवटचं गाव आहे. तिथे जे होतं त्याच्याशी आपला संबंध आहे. हे वाक्य मला फार आवडायचं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नसे. ती खाडी मी पाहिलेली नव्हती. समुद्रच मुळी आयुष्यात एकदा पाहिला होता, तोही पश्चिमेचा, भेळ खात खात.

कार्यक्रम दुपारचे असत. शाळेतल्या एका खोलीच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगायच्या, फटींत कागद कोंबायचे, की भर दुपारी अंधार. प्रोजेक्टर सुरू झाला की तापलेल्या धुळीचा वास सुटायचा. मोठी मुलं वेचणीला गेलेली असत. येत ती लहान पोरं, म्हातारी माणसं आणि हातातलं काम सोडून डोकावणाऱ्या दोन-चार बायका. भरती-ओहोटीची स्लाइड लागली की हटकून कुणीतरी विचारायचं की नदी उलटी कशी वाहील. विरूळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर मला मान हलवून सांगितलं होतं, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या, पण नदी वापस येत नसते." खोली हसली होती. मीही हसले होते.

खारफुटीची स्लाइड शेवटाकडे यायची. हिरवीगार भिंत, खाली मुळांचा गुंता, मुळांत अडकलेलं पाणी. संस्थेने दिलेल्या कागदावर त्या चित्रासाठी एक वाक्य होतं, ते मी जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणायची : हे वन वादळाचा जोर मोडतं, त्याच्या आड जे असतात ते वाचतात.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आंध्रच्या किनाऱ्यावर मोठं वादळ आलं. आमच्याकडे त्याचे नुसते ढग आले. चार दिवस सूर्य दिसला नाही, सगळा जिल्हा कापसाच्या काळजीत. मीसुद्धा. पेपरात पहिल्या पानावर तिकडच्या बातम्या होत्या, त्या मी वाचल्या, हळहळले, आणि पुढच्या कार्यक्रमाच्या तयारीला लागले. उलट एक विचार मनात आला, आणि तो आठवला की आजही मान खाली जाते. वाटलं, यंदा आपला विषय लोकांना जवळचा वाटेल.

रोहण्याच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, पोरांच्या मध्ये, एक साठीचे गृहस्थ मांडी घालून बसले होते. पांढरा सदरा, पायजमा, टोपी. कार्यक्रम संपल्यावर ते नमस्कार करून गेले. हेडमास्तर म्हणाले, काकाजी इथले जुने दुकानदार, शेतीच्या इंजिनांचं आणि पंपांचं सामान विकतात. चार दिवसांनी विरूळच्या शाळेत काकाजी पुन्हा पहिल्या रांगेत. मग देऊरवाड्याला. मग खरांगण्याला. दुकान बंद ठेवून, एस.टी. बदलत माणूस खाडी बघायला येतो याचा मला अभिमान वाटू लागला. खरांगण्याला जीपमध्ये सामान भरताना मी त्यांना चहा दिला आणि विचारलं की हा विषय त्यांना इतका आवडला कसा.

चहा तसाच हातात धरून त्यांनी सांगितलं. त्यांचा एकुलता मुलगा सुधाकर. वय सव्वीस. दुकानाच्या ओट्यावर बसून इंजिनं दुरुस्त करायचा. दोन वर्षांमागे एका गिऱ्हाइकाचं इंजिन त्याच्या हातून बिघडलं, तेव्हा काकाजी चार माणसांत त्याला बोलले होते, "तुह्यानं काई होत नाई." तिसऱ्या दिवशी तो घर सोडून गेला. महिन्याभराने पत्र आलं, आंध्रात समुद्राकाठी कोळंबीची तळी आहेत, तिथे पंप चालवायच्या कामावर आहे. मग दर महिन्याला एक कार्ड, आईच्या नावाने. वडिलांच्या नावाने एकही नाही. वादळानंतर कार्ड नाही. ज्या मुकादमाबरोबर गेला त्याचा फोन लागत नाही. आर्वीच्या फोनबूथवर रोज जाऊन झालं. पोलिसांनी लिहून घेतलं. पुढे काय करायचं ते कुणाला माहीत नव्हतं. आणि अशात गावात एक बाई आली आणि ती जागाच तिने भिंतीवर दाखवली.

मग त्यांनी विचारलं. सगळं शिकवणं, सगळी पेटी, सगळी नदी त्या एका प्रश्नापाशी येऊन थांबली.

"बाई, तो त्या झाडाइच्या आड असन, तर वाचला असन ना?"

माहीत नाही असं म्हणता येणं हे शास्त्राचं पहिलं लक्षण, असं मी वर्गात सांगत असे. समोर तो माणूस, हातातला चहा अजून न प्यायलेला. मी म्हटलं, "हो काकाजी. वाचला असेल."

त्यांनी चहा एका घोटात पिऊन टाकला.

त्यानंतर जे झालं ते मी थांबवायला हवं होतं. पुढच्या गावी खारफुटीची स्लाइड लागताच काकाजी उभे राहिले आणि मला विचारून स्वतःच बोलू लागले. त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून मुळांचा गुंता दाखवला. लाट येते, या बोटांत शिरते, तिचं बळ तुटते, मागे नुसतं पाणी जाते. आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या झाडांशी त्यांनी ते जोडलं, वारा कसा अडतो, माती कशी राहते. मी महिनाभर जे सांगत होते ते लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांचा मुलगा तिकडे आहे हे गावोगाव माहीत झालं होतं. बायका पदराने डोळे पुसत. विरूळच्या त्या म्हाताऱ्याने मला निरोप पाठवला की पुन्हा या, सगळं गाव जमवतो. खोल्या पुरेनात. संस्थेला पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं की स्थानिकांचा सहभाग अपेक्षेपेक्षा जास्त आहे. खोटं नव्हतं ते. फक्त तो सहभाग कशावर उभा होता हे मी लिहिलं नाही.

डिसेंबर लागला. थंडी पडली. तिकडे जाऊन शोधायचं काकाजींनी ठरवलं, पण जायचं कुठे? सुधाकरने कधी पूर्ण पत्ता लिहिला नव्हता. कार्डांवर पोस्टाचा शिक्का होता, पण तो पुसट आणि तेलुगूत. सेवाग्रामच्या दवाखान्यात सरोजिनी नावाची एक आंध्रची नर्स माझ्या ओळखीची होती. मी काकाजींकडून सगळी कार्डं मागून घेतली आणि तिच्याकडे गेले. तिने ती उजेडात धरून गावाचं नाव वाचलं. ते तिच्या माहेरापासून एका बसच्या अंतरावर होतं. नाताळच्या सुट्टीत ती जाणारच होती. सोबत चला म्हणाली.

घरी येऊन मी ती कार्डं पहिल्यांदाच नीट वाचली. आईची खुशाली, जेवणाची तक्रार, तिकडच्या भाताचं वर्णन. मधल्या एका कार्डात लिहिलं होतं : "इथं चिखलात एक झाडी होती, मुळ्या वर आलेल्या. ती सगळी तोडून नवीन तळी केली. पाणी उपसायचा पंप माझ्याकडे हाय. आता आमच्या खोलीतून सरळ समुद्र दिसते, आई. तू पाह्यला तर खुश होशीन."

सरळ समुद्र दिसते. मी ते कार्ड कितीदा वाचलं असेल. काकाजींनीही ते वाचलं होतं, पण ते मी शिकवायच्या आधी. मुळ्या वर आलेली झाडी म्हणजे काय हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी आठ दिवस ते कार्ड पुस्तकात दाबून ठेवलं. त्या आठ दिवसांत दोन गावी कार्यक्रम झाले. दोन्हीकडे काकाजींनी बोटांत बोटं अडकवून दाखवली, आणि मी प्रोजेक्टरमागे अंधारात उभी राहून ते बघितलं.

शेवटी रोहण्याला गेले. दुकानात काकाजींशिवाय कुणी नव्हतं. रबरी पट्टे, वॉशरच्या माळा, ग्रीसचे डबे. आतल्या दारात काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, गहू निवडत होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी काउंटरवर कार्ड ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. काकाजींनी चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"म्हंजे झाडं नव्हतीच तिथं," ते म्हणाले.

मी म्हटलं, मालकाने तोडली होती.

"पंप तर माह्या पोराचाच होता ना." मग कार्डाची घडी न करता ते त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "तुमाले हे कवा समजलं, बाई?"

"आठ दिवस झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "आठ दिवस मी लोकाले सांगून राह्यलो," एवढंच ते म्हणाले.

तरी गाडीत आम्ही एकत्रच बसलो. मी यावं असं त्यांनी म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. सेवाग्राम स्टेशनवरून दक्षिणेची गाडी, मग दुसरी गाडी, मग बस. सरोजिनी खिडकीशी बसून बोट दाखवत होती, हे तुटलेलं, हे पडलेलं. नारळाची झाडं मधोमध मोडून लोंबत होती. दीड-पावणेदोन महिने झाले होते तरी हवेत कुजका वास होता. त्या गावच्या शाळेच्या ओट्यावर एक कारकून मोठं रजिस्टर घेऊन बसला होता. सरोजिनीने विचारलं, त्याने पानं उलटली. गावच्या मेलेल्यांची नावं होती. तळ्यांवर बाहेरून आलेल्या मजुरांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती, त्यांचा नुसता आकडा होता. मालक परत आलेला नव्हता, मुकादमाचं कुणाला काही माहीत नव्हतं. काकाजींनी पेन मागितलं आणि त्या आकड्यासमोरच्या कोऱ्या जागेत देवनागरीत लिहिलं : सुधाकर, रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा. कारकुनाने हटकलं नाही.

मग आम्ही तळ्यांवर गेलो. मी पहिल्यांदा ती खाडी पाहिली, जी मी शंभरदा दाखवली होती. बांध फुटलेले, तळी चिखलाने भरलेली, आणि समोर, अगदी सरळ समोर, समुद्र. मध्ये काही नाही. आडोसा म्हणून एक काडी नाही. पंप इकडेतिकडे उलटे पडलेले होते. काकाजी एकेका पंपापाशी जाऊन वाकत होते, हाताने चिखल पुसत होते. काय शोधता म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की सुधाकर नटाखाली सायकलच्या ट्यूबची चकती कापून घालायचा, गळती होऊ नये म्हणून. तसं दुसरं कुणी करत नाही. पाचव्या की सहाव्या पंपापाशी ते थांबले. नटाखालून काळ्या रबराची कडा दिसत होती. त्यांनी नटावर अंगठा फिरवला, तो हलतो का पाहिलं. हलला नाही.

"पक्का बसवला पोट्ट्यानं," ते म्हणाले आणि तिथेच चिखलात खाली बसले. मी आणि सरोजिनी लांब उभ्या राहिलो. त्या माणसाचं रडणं मी ऐकलं आहे. त्याबद्दल लिहिणार नाही.

परतताना सरोजिनीने वाट बदलली. खाडीच्या वळणाआड खारफुटीचा एक पट्टा राहिला होता, तोडायचा राहून गेलेला. समोरची झाडं मोडली होती, पानं करपली होती, पण आतली उभी होती. त्या पट्ट्याच्या मागे कोळ्यांची सात-आठ घरं होती, गवती छपरांची. उभी होती. एका घरातून लक्ष्मी नावाच्या बाईने आम्हाला बोलावलं, भात वाढला. तिची तीन मुलं होती. मोठी मुलगी पाटीवर अक्षरं गिरवत होती, मधला खेकडा दोऱ्याला बांधून फिरवत होता, लहानगा रांगत होता. वादळ आलं तेव्हा सगळे घरातच होते, असं सरोजिनीने तिचं बोलणं हिंदीत करून सांगितलं.

काकाजींनी भात अर्धा खाल्ला, उठले आणि त्या झाडांपाशी गेले. मुळांच्या गुंत्यात त्यांनी मनगटापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. मी मागे जाऊन उभी राहिले. माफी मागायचं मी गाडीत ठरवलं होतं, शब्द जुळवले होते. ते मागे न बघता म्हणाले, "बाई, तुमचं खरं होतं."

याहून मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकलं नसतं.

परत आल्यावर मी कार्यक्रम थांबवले. पेटी संस्थेला परत पाठवायची होती, ती कपाटावर पडून राहिली. परीक्षा आल्या, उन्हाळा गेला, पाऊस झाला. काकूंना काकाजींनी काय सांगितलं, काही सांगितलं की नाही, मला माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. लोकांना शिकवणं म्हणजे काय याचा मी त्या वर्षी पुष्कळ विचार केला. आपण बोलतो ते सगळ्यांसाठी बोलतो, पण ऐकणारा आपल्या एकट्यासाठी ऐकत असतो. "जे असतात ते वाचतात" हे वाक्य मी म्हणत होते तेव्हा जे नसतात त्यांचं काय, हे एकाही गावात कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःहून सांगितलं नाही. ते ऐकायला कडू होतं, आणि मला माझ्या वाक्यानंतरची ती शांतता हवी असे.

पुढच्या नोव्हेंबरात काकाजी कॉलेजात आले. स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले. रोहण्याला पुन्हा एकदा कार्यक्रम करा म्हणाले. मी नको म्हटलं, कारणं दिली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. "मी बोलणार नाई," ते म्हणाले. "तुमीच बोला. पण पुरं सांगजा."

म्हणून मी गेले. तीच खोली, खिडक्यांवर सतरंज्या. या वेळी काकाजी मागे भिंतीला टेकून उभे होते, आणि मधल्या रांगेत, बायकांच्यात, काकू होत्या. त्या कधीच कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. खारफुटीची स्लाइड आली आणि मी पुरं सांगितलं. की हे वन मागच्यांना वाचवतं. की ते तोडून तळी केली. की तोडणाऱ्या हातांत आपल्याकडचेही हात होते, दूरच्या कुणाच्या तरी नफ्यासाठी, पोटासाठी. की तळ्यांवर जे होते त्यांच्या पुढे काही उरलं नव्हतं. की ते वाचले नाहीत. पहिल्यांदाच मी ते वाक्य म्हणाले, आणि म्हणताना काकूंकडे बघू शकले नाही.

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. मग काकूंचा आवाज आला, अगदी साधा, दुकानातून आत काही विचारावं तसा.

"अन् त्या झाडाइच्या मांगं कोणाची लेकरं होती, बाई?"

मी सांगितलं, लक्ष्मी नावाची एक बाई आहे, तिची तीन होती.

"आता केवढी असतीन?"

मी म्हटलं, मोठी आता दुसरीत गेली असेल. मधला शाळेत जायला लागला असेल. धाकटा चालत असेल.

शेजारच्या बाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता, तो त्यांनी हळूच बाजूला केला.

"मंग पुढचं दाखवा," त्या म्हणाल्या.

मी बटण दाबलं. पडद्यावर एक नांगी भलीमोठी असलेला लाल खेकडा आला. पुढची पोरं खदखदून हसली. काकू हसल्या नाहीत. उठूनही गेल्या नाहीत.